घर दाखवताना घरात कुणी नको

हे तुमचं काम आहे, साहेब. त्या बाईचं नाही. ती पहिल्यांदाच या घराची पायरी चढली होती, तिला काय डोंबल माहीत असणार? माहीत तुम्हाला होतं. तुमचा खुबा मोडलाय, जीभ शाबूत आहे. दोन शब्द बोलला असता तर काम झालं असतं. बोलला नाहीत. वर हसलात. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, ऑपरेशन मनासारखं झालं की हसायचा तसं.

हे सगळं ती सिंकपाशी उभी राहून, नळ पूर्ण सोडून, मनातल्या मनात बोलत होती. मनातल्या मनात ती फर्डं बोलायची. कोर्टात वकिलाने बोलावं तसं, मुद्द्याला धरून. ते ओठांपर्यंत येईतो मात्र सगळ्याचं एकच व्हायचं : 'हो साहेब.' हातातला कप कधीचा धुऊन झाला होता. कडेला त्या बाईच्या लिपस्टिकचा डाग होता, तोही गेला होता, तरी ती अंगठा त्याच जागी फिरवत होती. वरच्या खोलीत खाट करकरली. साहेब कूस बदलायचा प्रयत्न करत असणार. एकट्याने ते जमत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही. एरवी एवढ्या आवाजाला ती अर्धा जिना चढून गेलेली असायची. आज तिने नळ आणखी सोडला.

झालं होतं ते एवढंसं होतं की दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणेल, मग? घर विकायचं होतं, त्यासाठी एजंट निवडायचा होता. तिसरी एजंट आज आली. हिने दार उघडलं. अंगात घरातला गाऊन, खांद्यावर साहेबांचं तोंड पुसायचा टॉवेल. 'साहेब वर आहेत, चला,' ही म्हणाली. जिना चढताना बाईने कठड्यावरून हात फिरवत सहज विचारलं, 'किती वर्षं आहात साहेबांकडे?' आणि हिने उत्तर दिलं, 'पहिल्यापासून.' ते खरंच होतं. खोट्याची सुरुवात अशी अगदी खऱ्या शब्दाने झाली. वर गेल्यावर हिने चहा दिला, साहेबांच्या हनुवटीवर ओघळलेला थेंब टिपला, उशी सरळ केली. बाई खिडकीशी उभी राहून टेकडीखालचं शहर बघत होती. वळून म्हणाली, 'साहेब, तुमच्या बाईंनी घर मात्र लख्ख ठेवलंय हं. आजकाल अशी माणसं मिळत नाहीत.' साहेबांनी आधी बाईकडे बघितलं, मग हिच्याकडे. चांगलं रोखून, क्ष-किरणांची फिल्म उजेडात धरून बघावी तसं. 'नाही मिळत,' ते म्हणाले. बाईने विचारलं, 'मला तुमच्या मुलीशी बोलायचं होतं. फोन त्यांनीच केला होता ना? त्या कधी येतील?' साहेब म्हणाले, 'येईल. तिला वेळेचं भान जरा कमीच आहे.' आणि तो डावा कोपरा वर गेला. ही मध्ये ट्रे धरून उभी. तोंड हिलाही होतं. हिने ते उघडलं आणि त्यातून काय बाहेर पडलं, तर, 'मॅडम, चहा गार होतोय.'

बाईची चूक तरी कशी म्हणायची? जगात कुठल्या घरात मुलगी बापाला साहेब म्हणते? या घरात म्हणत होती. आई साहेबांच्याच हॉस्पिटलात हेडनर्स होती. ऑपरेशनला त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायची, 'कात्री, साहेब' म्हणत त्यांच्या पंज्यात कात्री ठेवायची. लग्न झालं, मुलं झाली, टेकडीवर दुमजली घर झालं, तरी आईच्या तोंडचं साहेब सुटलं नाही. बाळंतपणात कळा येत असतानाही ती 'साहेब, फार दुखतंय हो' म्हणत होती, असं मावशी सांगायची आणि सगळे हसायचे. मुलं आईचं ऐकून बोलायला शिकली. थोरलीने बोलायला तोंड उघडलं तेव्हाचा पहिला शब्द 'साब'. साहेबांना गंमत वाटली होती म्हणे. पुढे धाकट्याला लांबच्या शाळेत ठेवलं, तो सुट्टीला आला तो 'पप्पा' शिकून आला. जेवणाच्या टेबलावर धीटपणे म्हणाला, 'पप्पा, मीठ द्या.' साहेबांनी एक क्षण थांबून मीठ पुढे केलं. संपलं, तो त्या दिवसापासून पप्पा म्हणायला लागला. दुसऱ्या दिवशी तिनेही म्हणून पाहिलं. शाळेचा गणवेश घातलेला, दोन वेण्या, हातात सही घ्यायचं प्रगतिपुस्तक. 'पप्पा, सही.' साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, 'काय?' रागावून नाही. ओपीडीत चुकीच्या दारातून आत आलेल्या पेशंटला विचारतात तसं. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला अजून आठवतं. 'साहेब, सही,' ती म्हणाली. त्यांनी सही केली. पुन्हा तो शब्द तिने तोंडात धरला नाही. आज वाटतं, एकदा हट्टाने परत म्हणायला हवं होतं. पण हट्ट ही चीज घरात एकट्या धाकट्याला मिळाली होती, चांगल्या शाळेसारखीच.

तिच्या वाट्याला हॉस्पिटलची लॅब आली. रक्त-लघवी तपासायची, काचेच्या नळ्या धुवायच्या. लग्नाचं वय आलं आणि गेलं, कुणी फारसा पाठलाग केला नाही. आई गेली. हॉस्पिटल विकलं, लॅब त्याच्याबरोबर गेली. मग साहेब बाथरूममध्ये पडले आणि ती वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून खाली, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झोपायला आली, कारण साहेबांची खोली बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर आहे आणि त्यांनी काठी आपटली की आवाज थेट तिच्या छातीत उतरतो. त्या खोलीला एक छोटी खिडकी, ती भिंतीकडे उघडणारी. पूर्वी तिथे घरकामाची बाई राहायची. तिच्या जागी आपण आलो, हे थोरलीला तेव्हा जाणवलंही नव्हतं. माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, एवढंच होतं ते. आज त्या बाईने खाली आल्यावर खोलीत डोकावून विचारलं, 'ही तुमची?' आणि ही 'हो' म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा तिने ती खोली बघितली. गुंडाळलेली गादी, खुंटीला दोन गाऊन, टेबलावर साहेबांच्या गोळ्या. बाई बरोबर होती. कुठल्याही शहाण्या माणसाने हाच निष्कर्ष काढला असता.

घर विकायचं ठरवलं साहेबांनी आणि धाकट्याने, फोनवर, दोघांनी मिळून. तलावाकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा निघाली आहे, हॉटेलच्या वरताण, चोवीस तास नर्स, प्रत्येकाला स्वतंत्र खोली. एका खोलीत एक माणूस, असा तिथला नियम. धाकट्याने समुद्रापलीकडून तिला हे सांगितलं तेव्हा त्याच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं. 'ताई, किती वर्षं तू अडकून पडलीस. आता तू फ्री होशील.' फ्री होऊन कुठे, हे त्याने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. पुढच्या फोनला विचारू म्हणाली. पुढच्या फोनला तो म्हणाला, 'एजंट तूच बघ. तू ग्राउंडवर आहेस, आम्ही काय इथून बघणार?' आणि साहेब खाटेवरून म्हणाले, 'हो, तूच निवड. आयुष्यात निवडायला काही मिळालं नाही अशी तक्रार आहे ना तुझी? घे.' तिने तशी तक्रार कधी केली नव्हती. तिच्या पाठमोऱ्या अंगावरून साहेबांनी ती वाचली होती. डॉक्टरी अशी वाया जात नाही.

हे शहर ना धड मोठं, ना धड लहान. एक उड्डाणपूल, दोन मॉल, त्यातला एक बंद. असल्या शहरात महागडी घरं विकणारे मोजकेच, आणि ते स्वतःला एजंट म्हणवून घेत नाहीत. पहिला आला तो सूट घालून, एवढं अत्तर लावून की तो गेल्यावरही वास संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये होता. त्याचं नाव तिने अत्तर ठेवलं. अत्तर सरळ वर गेला, साहेबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, 'साहेब, ओळखलंत का? माझं अपेंडिक्स तुम्हीच काढलंय.' साहेब म्हणाले, 'मग आता माझं घर काढायला आलास.' दोघं खूप हसले. अत्तरने घर जेमतेम बघितलं. भाव कोण देईल, कोणत्या कारखानदाराचा डोळा टेकडीवर आहे, सगळं साहेबांना सांगितलं. तिला जाताना म्हणाला, 'ताई, साहेबांना जपा.' साहेबांना तोच हवा होता. 'माणूस मुरलेला आहे,' ते म्हणाले.

दुसरा पोरगेलासा होता, दाढी कोरलेली, बरोबर उडणारा कॅमेरा घेऊन आला. गच्चीवरून तो उडवून त्याने तिला पडद्यावर घराचं छप्पर दाखवलं. इतकी वर्षं राहून तिने ते कधी बघितलं नव्हतं. टाकीवर कबुतरं बसलेली, त्यांच्याजवळ एक जुनी चप्पल. ही कुणाची, याचं तिला नवल वाटत राहिलं. पोरगा चांगला होता. चांगुलपणाचाच घोटाळा झाला. जाताना बूट घालता घालता त्याने विचारलं, 'आणि ताई, घर गेल्यावर तुमचं कसं? तुमच्यासाठी एखादा छोटा फ्लॅट बघून ठेवू का? त्याचं कमिशन नको मला.' कुणीच विचारलं नव्हतं ते या परक्या पोराने उंबऱ्यावर, एक पाय बुटात घालून, विचारलं. ती म्हणाली, 'माझं सगळं ठरलेलं आहे.' एवढ्या कडक आवाजात की तो गडबडला. दार लावल्यावर ती पाठ टेकून उभी राहिली, आणि तिला त्या पोराचा असा संताप आला की कॅमेरा गच्चीवरून त्याच्या डोक्यात पडावा. तो बाद. साहेबांना सांगितलं, 'तो फार चौकस आहे.' साहेब म्हणाले, 'मग अत्तरवालाच घे.' तिसरी यायची होती म्हणून ती गप्प बसली.

आता तिसरी येऊन गेली होती. नळ बंद करून ती हात पुसत राहिली. वर काठी आपटली. एकदा. मग दोनदा. ती सावकाश वर गेली, साहेबांना कुशीवर केलं, पाठीला पावडर लावली. त्यांची कातडी आता कागदासारखी, बोट लावलं की ठसा उमटतो. लॅबमध्ये काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायची त्याची तिला आठवण झाली. साहेब भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'कशी वाटली ती बाई?' त्यांच्या आवाजात गंमत होती. तिची काहीतरी प्रतिक्रिया येईल, रडेल, निदान विचारेल, याची ते वाट बघत होते. ती म्हणाली, 'हुशार आहे. तिलाच देऊ या.' पावडरीचा डबा बंद झाल्याचा आवाज झाला. साहेब म्हणाले, 'का?' 'तिला घरात काय आहे ते बघता येतं,' ती म्हणाली. 'आणि तुम्हीच म्हणालात, तूच निवड.'

हे बोलताना तिला स्वतःचा आवाज कुणा तिऱ्हाइताचा वाटला. असं का केलं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. अत्तर तिला बघत नव्हता. पोरगा नको इतकं बघत होता. या बाईने मात्र एका नजरेत तिची जागा दाखवली होती, आणि दुखऱ्या दातावर जीभ पुन्हा पुन्हा जावी तसं तिला परत तिथे जायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिने बाईला फोन केला. 'काम तुम्हाला दिलंय, मॅडम.' बाई खूश झाली. 'मुलीने ठरवलं?' 'हो,' ती म्हणाली, 'त्यांनीच ठरवलं.' इथून तिने ती चूक स्वतःच्या हाताने पांघरून घेतली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

मग बाई वरचेवर येऊ लागली, सामान हलवायच्या माणसांना घेऊन. तिची एक पद्धत होती आणि ती पद्धत ती देवाज्ञेसारखी सांगायची. घर दाखवताना घरात कुणी नको. 'राहतं माणूस दिसलं की घर घ्यायला आलेल्या पार्टीला वाटतं आपण पाहुणे आहोत. मग चुकल्यासारखं हळू बोलतात, भाव पाडतात आणि निघून जातात.' भिंतींवरचे फोटो उतरले. तिच्यासमोरच आईचा फोटो उतरवला, बाईने धूळ फुंकून विचारलं, 'या कोण?' ही म्हणाली, 'साहेबांच्या नर्स.' हे म्हणताना तिला हसू आलं, अगदी आतून, ओंगळ असं हसू, आणि ते तिने टॉवेलात दाबलं. जेवणाच्या टेबलावर काचेची खोटी फळं आली. साहेबांच्या खोलीतली खाट पार्टी येईल त्या दिवसापुरती खालच्या अडगळीच्या खोलीत ढकलायची ठरली. साहेब वरून ऐकत होते. बाई त्यांच्याशी आता लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलायची. 'साहेबांना आपण छान गाडीतून फिरवून आणू या हं.' साहेबांनी थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात आता गंमत नव्हती. तिने उशी सरळ केली.

सगळं उरकल्यावर एके दुपारी दोघी स्वयंपाकघरात चहा प्यायला बसल्या. बाईने पायातल्या सँडल काढून टाचा चोळल्या, आणि पहिल्यांदाच ती थकलेली, बरी, साधी दिसली. 'मी पण एकटीच हो,' ती म्हणाली. 'नवरा सोडून गेला तेव्हा हातात काही नव्हतं. घरं दाखवत दाखवत जगले.' मग ती पुढे झुकली. 'बाई, एक बोलू? तुम्ही पुढे काय करणार? म्हाताऱ्यांना ठेवतील तिकडे. त्या मुलीला तर मी अजून डोळ्याने बघितलं नाही, ती काय तुमची सोय लावणार? मी पार्टीकडे शब्द टाकते तुमच्यासाठी. घर तुम्हाला कोपरान् कोपरा माहीत आहे. पगार, जेवण, ही खोली. चालेल?' थोरलीने कप खाली ठेवला. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, तिच्या खिडकीतून भिंत दिसत होती. घर विकायचं ठरल्यापासून तिच्यापुढे, तिच्या नावाने, आलेली ही दुसरी जागा होती. पोराचा छोटा फ्लॅट तिने धुडकावला होता. हा देकार मात्र तिला कुठे टोचला नाही, आणि टोचला नाही याचंच तिला भय वाटलं. 'विचार करून सांगते,' ती म्हणाली. आणि खरोखरच विचार करू लागली. पगार किती सांगायचा, रविवारची सुट्टी मागायची का, इथपर्यंत.

पार्टी यायची होती त्या दिवशी सकाळपासून ती आजारपण गोळा करत होती. बाईने बजावलं होतं, दुखण्याखुपण्याची एकही वस्तू घरात दिसता कामा नये. कमोडची खुर्ची, काठी, गोळ्यांचे डबे, रबराची चादर, लघवीचं भांडं, सगळं गाडीच्या डिकीत गेलं. बाईच्या माणसांनी साहेबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ते इस्त्रीचा शर्ट आणि फिकी पँट घालून बसले होते, कुठल्याशा समारंभाला निघाल्यासारखे. तिने गाडी टेकडीवरून खाली आणली, उड्डाणपुलाखालून नेली आणि बंद पडलेल्या मॉलच्या मोकळ्या आवारात उभी केली. ऊन होतं. आवारात एक कुत्रं, पलीकडे फुटलेल्या काचेची जाहिरात. बाईचा फोन आला, पार्टी वर गेलीय, खूश आहेत, घाई करू नका. तिने इंजिन बंद केलं.

मग साहेब म्हणाले, 'भांडं दे.'

'डिकीत आहे.'

'मग काढ ना.'

तिने किल्ली काढली, मुठीत धरली. धातू उन्हाने तापला होता. लॅबमध्ये नळी धरावी इतका हात स्थिर होता. 'साहेब,' ती म्हणाली, 'घर गेल्यावर मी कुठं राहायचं?'

साहेबांनी मान वळवली. 'हे काय आत्ता?'

'आत्ताच.'

'धाकट्याशी बोल.'

'त्याला कालच विचारलं. तो म्हणाला, पप्पांशी बोल.'

'मग बघू. काहीतरी होईल. आधी भांडं दे.' त्यांनी गुडघे एकमेकांवर दाबले होते. हात मांडीवर घट्ट. ज्या हातांनी शहरातल्या निम्म्या लोकांची पोटं उघडली आणि शिवली, त्यांना पट्ट्याची कडी सापडत नव्हती. तिने ते बघितलं. मदत करायला तिचा उजवा हात आपोआप उठला, सवयीने, आणि तिने तो परत स्टिअरिंगवर ठेवला.

'मला त्या बाईंनी जागा देऊ केलीय,' ती म्हणाली. 'तुमच्या घरात. खालची खोली, जेवण आणि पगार. नव्या मालकांकडे. मी अजून हो म्हणाले नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुमच्या मनात दुसरं काही असेल तर सांगा.'

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. काच बंद होती. 'अगं, असं काय करतेस?' ते म्हणाले. आवाज फाटला. आणि मग जे वाक्य ऐकायला तिने प्रगतिपुस्तक हातात धरल्या दिवसापासून कान टवकारले होते, ते त्यांनी उच्चारलं. 'तू मुलगी आहेस माझी.'

ते गाडीत नुसतंच पडून राहिलं. ते ऐकून आपल्याला काय काय होईल याची तिने किती रात्री उजळणी केली होती. काहीही झालं नाही. कुत्रं उठून सावलीत गेलं.

'ते मला माहीत आहे,' ती म्हणाली. 'मी राहायचं कुठं ते सांगा.'

साहेबांनी डोळे मिटले. ओठ आत ओढले गेले. फिक्या पँटवर एक गडद ठिपका उमटला, मोठा झाला, मांडीवरून सीटकडे पसरत गेला, आणि गाडीत तो ओळखीचा, उबट वास भरला. साहेब रडत होते, आवाज न करता, तोंडाचा डावा कोपरा खाली ओढून. तिने मान फिरवली नाही. किल्ली मुठीतून काढून समोर ठेवली.

'आता घाईसुद्धा राहिली नाही, साहेब,' ती म्हणाली. 'आता सावकाश सांगा. मी राहायचं कुठं?'